नगरचा स्पाइक आणि हरवलेला फ्रेड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आपल्या ताज्या भागाचा मजकूर. बोलताना लागलेलं पाल्हाळ थोडं छाटलंय. सगळं नाही.

आजची गोष्ट एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाची. खरं तर तीन कार्यक्रमांची, पण माणसं तीच, वेडेपणा तोच आणि वर्षही एकच, १९५६. नावं ऐका. पहिला 'द इडियट वीकली, प्राइस टुपेन्स', म्हणजे 'मूर्ख साप्ताहिक, किंमत दोन पेनी'. दुसरा 'अ शो कॉल्ड फ्रेड'. तिसरा 'सन ऑफ फ्रेड', म्हणजे फ्रेडचा मुलगा. आता फ्रेड कोण? कोणीच नाही. तोच तर विनोद आहे.

लंडनच्या स्टुडिओतून हे कार्यक्रम थेट जायचे. कलाकार स्किट करतायत आणि त्याच क्षणी लोक घरात बघतायत. संपलं की संपलं. आज त्यातले मोजके भाग आणि तुकडे फिल्मवर शिल्लक आहेत, बाकीचं गेलं. इंग्रजी विनोदाचा इतिहास लिहिणारे लोक या तीन कार्यक्रमांना फार मानतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेलेच नाहीत.

आणि हे लिहिणारा माणूस जन्मला होता आपल्या नगरमध्ये.

हो, अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. शाळेच्या सहलीत नगरचं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्याच छावणीच्या गावात १६ एप्रिल १९१८ ला टेरेन्स ॲलन मिलिगनचा जन्म झाला. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत नोकरीला. बालपणाचा काही काळ पुण्यात, तिथल्या कॉन्व्हेंट शाळेत. मग बदली झाली तसं कुटुंब रंगूनला गेलं, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सगळे इंग्लंडला. पुण्याचं ऊन आणि नोकरचाकर बघितलेला मुलगा एकदम लंडनच्या धुक्यात आणि गरिबीत येऊन पडला. पुढे जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखायला लागलं.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. आधी उत्तर आफ्रिका, मग इटली. १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. शरीराची जखम भरली, मनाची नाही. मानसिक आजार त्याला आयुष्यभर पुरला. हे सांगतोय कारण पुढचं सगळं काम या माणसाने त्या अवस्थेत केलंय. 'वेडा विनोद' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्या बाबतीत तो जरा जपून वापरावा असं मला वाटतं.

१९५१ मध्ये बीबीसी रेडिओवर 'द गून शो' सुरू झाला. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि सुरुवातीला मायकेल बेंटिन. लिखाणाचा मोठा भार मिलिगनवर. दर आठवड्याला नवा भाग, आणि त्या ताणात १९५२ च्या अखेरीस तो कोसळला, इस्पितळात दाखल झाला, बाहेर आला आणि पुन्हा लिहायला बसला. गून शोमध्ये तर्काला सुट्टी असायची. माणूस मरायचा आणि पुढच्याच वाक्यात बोलायचा. आवाजांचे स्फोट, निरर्थक संभाषणं, मधूनच हिंदुस्थानी शब्द. लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रंही होती, सेलर्स आणि मिलिगन मिळून त्यांचे आवाज काढायचे. आज ऐकताना कधी हसू येतं, कधी कान टवकारले जातात. त्यावर पुढे येतो.

सेलर्स तुम्हाला बहुधा वेगळ्या कारणाने माहीत असेल. 'पिंक पँथर'मधला तो धांदरट इन्स्पेक्टर, किंवा 'द पार्टी'मधला तोंडाला रंग फासून झालेला हृंडी बक्षी. पण १९५६ मध्ये तो तीस वर्षांचा, रेडिओवर गाजलेला आणि सिनेमात नुकता पाय रोवत असलेला नट होता.

रेडिओवरचा हा प्रकार टीव्हीवर आणायचा कसा? रेडिओवर 'आता नदी ओलांडून हत्ती पियानो घेऊन येतोय' म्हटलं की झालं. टीव्हीवर हत्ती आणायचा कुठून? इथे दोन गोष्टी जुळून आल्या.

पहिली म्हणजे आयटीव्ही. तोवर ब्रिटनमध्ये टीव्ही म्हणजे बीबीसी, बास. २२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार लंडनचा ठेका असोसिएटेड-रेडिफ्युजन या कंपनीकडे होता. नवं दुकान, भरायला तास भरपूर, आणि बीबीसीपेक्षा वेगळं काहीतरी हवंच. गंमत म्हणजे जुन्या टीव्ही संचांवर आयटीव्ही दिसायचीच नाही. वेगळा बँड असल्यामुळे नवा अँटेना आणि कन्व्हर्टर घ्यावा लागायचा. म्हणजे 'इडियट वीकली' बघायला एक तर लंडन परिसरात राहायला हवं, आणि वर खिशातून खर्च करायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे एक अपयश. फिलाडेल्फियाहून आलेला रिचर्ड लेस्टर नावाचा पोरगा १९५५ च्या अखेरीस आयटीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम घेऊन आला. थेट प्रक्षेपण. पार फसला, एकाच भागात गाशा गुंडाळला. पण त्या संध्याकाळी टीव्हीसमोर सेलर्स बसलेला होता. त्याला त्या गोंधळात काहीतरी दिसलं आणि त्याने लेस्टरला फोन केला. लेस्टर तेव्हा तेवीस वर्षांचा! फसलेल्या कार्यक्रमातून पुढचं काम मिळण्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तर सेलर्स, मिलिगन आणि दिग्दर्शक लेस्टर. सोबत व्हॅलेंटाइन डायल, केनेथ कॉनर, ग्रॅहम स्टार्क अशी मंडळी. 'इडियट वीकली'ची कल्पना साधी होती. सेलर्स एका जुनाट व्हिक्टोरियन वर्तमानपत्राचा संपादक, आणि पेपरातला एकेक मथळा वाचला की त्यावर स्किट. १९५६च्या सुरुवातीला तो आला, उन्हाळ्याच्या तोंडावर 'फ्रेड' आला आणि सप्टेंबरपासून 'सन ऑफ फ्रेड'. प्रत्येक वेळी चौकट आणखी सैल होत गेली. 'सन ऑफ फ्रेड'पर्यंत नेपथ्याचा सोसही कमी झाला होता.

थेट स्किट म्हणजे काय, हे जरा डोळ्यासमोर आणू. आज 'हास्यजत्रा' बघताना आपण जे बघतो ते चित्रित केलेलं, कापलेलं, जुळवलेलं असतं. १९५६ मध्ये तसं काही नाही. एकाच स्टुडिओत चार-पाच सेट शेजारी शेजारी मांडलेले. अवजड कॅमेरे जाडजूड केबली ओढत एका सेटवरून दुसऱ्याकडे सरकतायत. कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शक कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र हवेत जाणार ते ओरडून सांगतोय. अशा कार्यक्रमांत स्किटच्या मध्ये गाणं का असायचं? कारण गाणं चालू असताना नटाला मिशी काढून साडी, म्हणजे तिथे झगा, चढवायचा असतो. मिशी निघाली नाही तर झगा आणि मिशी दोन्ही हवेत जाणार.

बाकीचे लोक हे लपवायला धडपडायचे. फ्रेडवाल्यांनी ते लपवणंच सोडून दिलं. स्टुडिओ हा स्टुडिओ आहे, टीव्ही हा टीव्ही आहे, आणि आम्ही नट आहोत, हे सगळं विनोदात आलं. स्किटला शेवटचा पंच मारून टाळी घ्यायचीच असा नियम नाही. कंटाळा आला की सोडून द्या, पुढे चला. रेडिओवरच्या हत्तीचं उत्तर त्यांना असं सापडलं: हत्ती आणायचा नाही, हत्ती आणता येत नाही हेच दाखवायचं.

आता आम्ही सॉफ्टवेअरवाले इथे लगेच विचारणार, बॅकअप का नाही घेतला?

वर्ष पुन्हा बघा. १९५६. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत अँपेक्स कंपनीने पहिलं व्यवहारात चालणारं व्हिडिओ रेकॉर्डिंग यंत्र दाखवलं. दोन इंच रुंदीची टेप, सेकंदाला १५ इंच वेगाने धावणारी, आणि तिच्यावर मिनिटाला १४,४०० फेऱ्या घेणारं चार हेडचं चाक. गणित करून बघा, एका तासाला जवळजवळ १,४०० मीटर टेप लागते. यंत्राची किंमत ४५ ते ५० हजार डॉलर. अमेरिकेत सीबीएसने ३० नोव्हेंबर १९५६ ला पहिल्यांदा टेपवरून बातम्या दाखवल्या. 'सन ऑफ फ्रेड' तोवर संपला होता. इतक्या थोडक्यात चुकामूक.

त्याआधी एकच मार्ग होता, टेलिरेकॉर्डिंग. म्हणजे चांगल्या मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्याचं चित्रीकरण करायचं. थिएटरात मोबाइल धरून पिक्चर शूट करणारे लोक असतात ना, तत्त्व तेच. फिल्मला पैसे, धुवायला पैसे, ठेवायला जागा. त्यामुळे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवायला लागायचं की हे जपण्यासारखं आहे. आपल्या फोनमध्ये काही न करता सगळं साठत जातं, आणि नको असलेलं पुसायला कष्ट पडतात. तेव्हा काही केलं नाही तर काहीच उरत नसे. राणीचा राज्याभिषेक फिल्मवर जायचा. दोन विदूषकांचा मूर्खपणा कशाला?

शिवाय जपून करायचं काय? नट आणि वादकांच्या संघटनांचे करार पुनःप्रक्षेपणावर बंधनं घालायचे, कारण जुनं दाखवत राहिले तर नवं काम कोण देणार? त्यांचंही बरोबरच होतं. घरी टेप बघायची सोय कोणाकडे नाही. नंतर रंगीत टीव्ही आला आणि काळ्या-पांढऱ्या साठ्याची किंमत आणखी घसरली. आणि व्हिडिओ टेप महाग, तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हाच तिचा मोठा गुण. मग पुसली. ज्याने पुसली तो कोणी खलनायक नव्हता, त्याला स्टॉकमध्ये कोऱ्या टेपा कमी पडत होत्या. आमच्या धंद्यात लॉग तीस दिवसांनी आपोआप उडवतात, त्यावर कोणी रडत नाही. तसंच.

फ्रेडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चटका लावते. १९६३ मध्ये 'द बेस्ट ऑफ फ्रेड' नावाचं संकलन दाखवलं गेलं. म्हणजे प्रक्षेपणानंतर सात वर्षांनीही कुठल्या तरी कपाटात फिल्मा होत्या, संकलन करण्याइतक्या. पुढे १९६८ मध्ये ठेके नव्याने वाटले गेले, रेडिफ्युजनचं वेगळं अस्तित्व संपलं आणि थेम्स ही नवी कंपनी आली. बंद पडलेल्या कंपनीच्या जुन्या विनोदी फिल्मांचा वाली कोण? कंपनी विकली जाते तेव्हा सर्व्हरवरच्या जुन्या फोल्डरांचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

याच कंपनीचा आणखी एक कार्यक्रम होता, १९६७चा 'ॲट लास्ट द १९४८ शो'. जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन, मार्टी फेल्डमन आणि टिम ब्रूक-टेलर. तोही बराचसा गेला होता. पण स्वीडनला दाखवण्यासाठी केलेली संकलनं तिथे सापडली, चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नुसता आवाज टिपलेला होता तो सापडला, आणि २०१४ मध्ये निर्माता डेव्हिड फ्रॉस्टच्या संग्रहातून आणखी दोन भाग मिळाले. आज तो बऱ्यापैकी बघता येतो. वाचलं ते कशामुळे? प्रती परदेशी गेल्या म्हणून आणि कोणीतरी घरी ठेवल्या म्हणून. गून शोचंही तेच. सुरुवातीचे भाग गेले, पण नंतर बीबीसीने परदेशी केंद्रांना पाठवायला तबकड्या काढल्या, त्यामुळे पुढचे वाचले.

आणि ज्यांनी वाचवायचा प्रयत्न केला त्यांचं काय? पीटर कुक आणि डडली मूर यांचा 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' हा बीबीसीचा कार्यक्रम पुसला जाणार असं कळल्यावर दोघांनी टेपांचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवली. बीबीसीने नाही म्हटलं. कलाकार पैसे घेऊन दारात उभे आणि तरीही नाही! हे वाचून मी लॅपटॉप बंद करून चहा करायला गेलो होतो. बीबीसीने जपणुकीचं रीतसर धोरण आखलं ते १९७८ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, गेलं तर गेलं, विनोदच होता. माझं म्हणणं असं की गेलं ते फक्त हसू नव्हे, श्रेयही गेलं.

तुमच्या ऑफिसात कोणीतरी 'मॉन्टी पायथन'चा भक्त असेलच. प्रोग्रामर लोकांत ही जमात जास्त आढळते. आपली पायथन भाषा आहे ना, तिचं नाव सापावरून नाही, या कार्यक्रमावरून ठेवलंय. ५ ऑक्टोबर १९६९ ला तो सुरू झाला. स्किटला शेवट नाही, एकातून दुसऱ्यात घुसायचं, टीव्हीचीच टिंगल करायची. जगाने म्हटलं, वा, काय नवीन! पण त्याच वर्षी मार्चमध्ये बीबीसी टूवर मिलिगनचा 'क्यू ५' सुरू झाला होता आणि त्यात हे सगळं होतं. टेरी जोन्स आणि मायकेल पॅलिन यांनी स्वतः सांगितलंय की 'क्यू ५' बघून ते हबकले, आपल्याला जे करायचं होतं ते स्पाइकने करून टाकलं म्हणून. मग त्यांनी काय केलं, तर त्याचाच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन आपल्याकडे मागून घेतला. नंतरच्या 'क्यू' मालिकांत तर नटांच्या अंगावर कपड्यांच्या विभागाची लेबलं तशीच लटकत असायची. आणि 'क्यू ५'ची मुळं १९५६ मध्ये, फ्रेडमध्ये.

पायथन तुम्ही आज रात्री बघू शकता. 'क्यू ५' पूर्ण शिल्लक नाही. फ्रेड जवळजवळ नाहीच. मग मूळ कोणाला मानणार? जो दिसतो त्याला. पायथनवाल्यांनी चोरी केली असं मी म्हणत नाहीये, ते स्वतः मोठ्या मनाने स्पाइकचं नाव घेत आले. पण कृतज्ञतेचं एक वाक्य आणि ४५ भागांचा संच यात लोक संच बघतात. एवढंच कशाला, पायथनही पुसला जाणार होता, बीबीसीतल्या एकाने आधी कळवलं म्हणून आपण प्रती घरी उतरवून घेतल्या, असं टेरी जोन्स सांगायचा.

लेस्टरचं नशीब वेगळं. १९५९ मध्ये त्याने सेलर्स आणि मिलिगनला घेऊन एका शेतात अकरा मिनिटांची 'द रनिंग जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म' केली. खर्च सुमारे ७० पौंड, कॅमेरा सेलर्सचा. वेडेपणा फ्रेडचाच, पण हा फिल्मवर होता, म्हणून राहिला. ऑस्करचं नामांकन मिळालं, बीटल्सना ती आवडायची, आणि त्यातूनच लेस्टरकडे बीटल्सचा पहिला सिनेमा आला, १९६४चा 'अ हार्ड डेज नाइट'. एका अकरा मिनिटांच्या रिळाने त्याला तिथवर नेलं. टीव्हीवरच्या अख्ख्या वर्षाला दाखवायला पुरावा नव्हता.

आणि मिलिगनचं काय वाचलं? हे मला सगळ्यात जास्त खुपतं. १९६९ मध्येच त्याने 'करी अँड चिप्स' नावाच्या मालिकेत तोंडाला तपकिरी रंग लावून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार केला. वर्णद्वेषाची खिल्ली उडवतोय असा दावा, पण पडद्यावर शिव्या त्याच आणि हसणारे लोकही तेच. तक्रारी झाल्या, सहा भागांत बंद. ती मालिका रंगीत आहे, जशीच्या तशी शिल्लक आहे, डीव्हीडीही निघाली. नगरला जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या माणसाचं सगळ्यात धाडसी काम हवेत विरलं, आणि आपल्यासारख्यांच्या रंगाची नक्कल करणारं काम स्वच्छ जपलं गेलं. बालपणीच्या हिंदुस्थानावर त्याचं प्रेम होतं, हे त्याच्या मुलाखतींत सारखं येतं. तरीही ते सहा भाग मला पूर्ण बघवले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काय टिकणार हे गुणावर ठरलं असतं, तर आज आपण फ्रेडबद्दल बोलताना मध्येच क्लिप लावली असती.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' नावाचा उपक्रम चालवते. हरवलेले कार्यक्रम शोधायचे, सापडले की लोकांना दाखवायचे. सापडतात कुठे? माळ्यावर, जुन्या बाजारात, निवृत्त तंत्रज्ञाच्या गॅरेजमध्ये, परदेशी केंद्रांच्या गोदामात.

यावरून आपल्याकडचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. घरातल्या मोठ्यांना 'गजरा' विचारा, 'चिमणराव-गुंड्याभाऊ' विचारा, चेहरे खुलतील. मग त्यातलं किती बघायला मिळतं ते शोधून बघा. ऐंशीच्या दशकात घराघरात व्हीसीआर आले आणि लग्नाच्या कॅसेटच्या उरलेल्या भागावर पुष्कळांनी दूरदर्शनचे कार्यक्रम उतरवून ठेवले. तुमच्या माळ्यावर अशी व्हीएचएस असेल तर उत्साहाने लगेच प्लेअरमध्ये घालू नका. आधी खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली, आणि आपल्या दमट हवेत ती धरतेच, तर टेपही जाईल आणि हेडही खराब होईल. साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या. आणि हो, कॅसेटच्या कण्यावर एका कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही कोणाला दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही.

काही सापडलं तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.